रोह्याचे कस्टमकाका

कस्टमकाका कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी दारात उभे राहून पिशवीत काय आहे ते सांगायचे. "दोन पेरू, एक छत्री, कालचा पेपर आणि बीपीच्या गोळ्या. लपवलेलं काय नाय." मग पिशवी भिंतीला टेकवायचे आणि आत यायचे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, म्हातारा जरा सटकलेला दिसतो. आम्हाला मात्र सवय झाली होती. आमच्या कारखान्यातल्या बायका ते फाटकात दिसले की आतूनच ओरडायच्या, "काका, पिशवीत काय हाय?" आणि काका एखाद्या साहेबापुढे उभे असल्यासारखे ताठ होऊन सगळं म्हणून दाखवायचे.

काका रोह्याचे. कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात त्यांचं घर. सगळी नोकरी न्हावा-शेवा बंदरात झाली, तीही एका क्लिअरिंग एजंटकडे. म्हणजे सरकारी कस्टममध्ये ते कधीच नव्हते. साहेबाच्या टेबलासमोर लोकांच्या मालाचे कागद घेऊन उभं राहायचं, शिक्का मिळवायचा आणि माल सोडवायचा, हे त्यांचं काम. पण रोह्यात एवढा बारीक फरक कोण करतो? घरी आले की स्टेशनवरचे रिक्षावालेसुद्धा त्यांना कस्टमकाका म्हणायचे आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली पेणच्या बँकेत. आमचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. त्या वर्षी कोलंबोचा एक दुकानदार, सेल्वम त्याचं नाव, मुंबईत पूजेचं सामान घ्यायला आला होता. कुठेतरी आमच्या शाडूच्या मूर्ती बघून तो पत्ता शोधत थेट जोह्याला आला. तिथल्या तमिळ वस्तीत चतुर्थीला मूर्ती लागतात, त्याला आमच्याकडून हव्या होत्या. मला आनंद झाला आणि घामही फुटला. परदेशात माल पाठवायचा म्हणजे काय करायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. बँकेत विचारायला गेले तर खिडकीतल्या मुलाने तीन-चार इंग्रजी अक्षरं तोंडावर फेकली आणि पुढच्याला बोलावलं. मागे रांगेत काका उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरू नको पोरी. तो म्हणतो तो एक नंबर असतो, आयात-निर्यात करणाऱ्याचा. माणसाला जसं आधार कार्ड, तसं धंद्याला ते. चल, चहा पाज, सगळं सांगतो."

त्या चहापासून पुढची काही वर्षं काका आठवड्यातून एकदा तरी सकाळच्या गाडीने पेणला उतरून जोह्याला येऊ लागले. मला नंबर काढून दिला. बिल कसं करायचं, पॅकिंगची यादी कशी लावायची, कुठल्या मालाला कुठला आकडा लागतो, सगळं शिकवलं. "मालाला जीभ नसते," ते म्हणायचे, "म्हणून कागद लागतो. कागदाने खरं बोललं पाहिजे, मग आपल्याला काय बोलायची गरज पडत नाय." एकदा बायकांनी खोक्यांत भाताचा पेंढा भरला, आमच्याकडे नेहमी भरतात तसा. काकांनी सगळी खोकी पुन्हा उघडायला लावली. "पेंढ्यात किडा असला तर तिकडचं शेतकी खातं गणपतीला दारातच अडवील. देव आहे म्हणून सोडतील असं वाटतं काय तुम्हाला?" बायका हसत हसत पेंढा काढायला बसल्या आणि त्या जागी कागदाची कात्रणं भरली.

या सगळ्याचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. मी एकदा पाकीट पुढे केलं तर रागावले. "मुलगा पुण्याला, आम्ही दोघं रोह्याला. खर्च काय आमचा? तू पोह्यांवर शेंगदाणे जास्त घालत जा, बास." मला वडिलांची उणीव होती आणि ती कुठे भरून निघाली हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'काका' एवढ्याच नावाने होता. सख्ख्या काकांच्या नावापुढे मात्र मला गाव लिहावं लागलं होतं.

पहिल्या वर्षी मूर्ती गेल्या, सेल्वमचे पैसे बँकेत आले, सगळं सुरळीत झालं. मग तो देशच कोसळला. टीव्हीवर आम्ही पेट्रोलच्या रांगा बघितल्या, रिकामी दुकानं बघितली. सरकारकडे डॉलरच उरले नव्हते, म्हणून बाहेरून येणाऱ्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली. मूर्तींचा धंदा थांबला. काही काळाने सेल्वमचा फोन आला. बंदी थोडी सैल झाली होती, त्याला पुन्हा माल हवा होता, पण आता अटी फार होत्या. फोनवर बोलायचं काम काकांचंच. बंदरावर आयुष्य गेल्यामुळे त्यांचं हिंदी-इंग्रजी माझ्यापेक्षा बेधडक होतं.

त्या दिवशी काकांनी कारखान्यात बसून आम्हा सगळ्यांना तो देश समजावून सांगितला होता, त्यातला शब्दन् शब्द मला अजून आठवतो. "देशाला टायफॉइड झाला होता असं समजा. आता ताप उतरलाय, पण अंगात ताकद नाय. डॉलर म्हणजे त्याचं पाणी. सरकार ते घोट घोट देणार. आधी औषधाला, मग गॅसला, मग गव्हाला. आपला गणपती त्यांच्या हिशोबात औषध नाय, मिठाई हाय. मिठाईला किती पैसे द्यायचे ते त्यांची बँक ठरवणार. सेल्वमला तेवढेच डॉलर मिळणार, जास्त नाय." मग म्हणाले, "त्यामुळे भाव उतरवावा लागेल. बराच. आपण सांभाळून घ्यायचं. आज आपण धरून ठेवलं तर उद्या बरा झाल्यावर तो देश आपल्याला विसरणार नाय."

भाव खरंच बराच उतरवावा लागणार होता. मी कुंदाताईंकडे बघितलं. कुंदाताई आमच्याकडे मूर्तींचे डोळे आखतात, बाबांच्या काळापासून. बाकीच्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. त्या ब्रश पाण्यात खळबळत म्हणाल्या, "तिकडं पोरांना दुधाची पावडर मिळत नव्हती म्हणं. टीव्हीत दाखवलेलं. घ्या गो कमी. आम्हीपण यंदा मजुरी थोडी कमी घेऊ." काकांनी उठून त्यांना हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही आणि माझा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

त्या हंगामात मूर्ती गेल्या, कमी भावाने. बँकेत तेवढे पैसे आले. दिवाळीनंतर काका-काकू रामेश्वरला जाऊन आले. येताना चेन्नईला दोन दिवस राहिले. परतल्यावर लगेच जोह्याला आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "एक तीर्थाची बाटली, एक शिंपल्यांची माळ, खडीसाखर. लपवलेलं काय नाय." माळ मी देव्हाऱ्यात ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा तोच कमी भाव, पुन्हा तेवढीच मोठी ऑर्डर. बायकांनी पुन्हा मजुरी कमी घेतली.

त्या दुसऱ्या खेपेला माल कोलंबोच्या बंदरात अडकला. मूर्तींची दाखवलेली किंमत इतकी कमी का, असा तिथल्या कस्टमला संशय आला होता. सेल्वमचे फोनवर फोन यायला लागले. चतुर्थी जवळ येत चाललेली. मी म्हटलं, "मीच जाते. मालकीण समोर उभी राहिली, काम कसं होतं ते सांगितलं, तर पटेल त्यांना."

काका ताडकन म्हणाले, "तू कशाला? विमानाचा खर्च, अनोळखी मुलूख. मी फोनवर मिटवतो." मी ऐकलं नाही. दोन दिवस ते रुसले. मग आले आणि बसून मला प्रवासाचे नियम शिकवले. आपल्या नोटा किती नेता येतात, डॉलर रोख किती, बाकीचे कार्डावर कसे भरून घ्यायचे, उतरल्यावर कुठे काय सांगावं लागतं. "विचारलं तेवढंच बोलायचं," जाताना त्यांनी दोनदा बजावलं. "आपणहून काय सांगायचं नाय. सेल्वमशी जास्त बोलत बसू नको. तो जरा चालू माणूस हाय." मला त्यांच्या काळजीने भरून आलं. मी वाकून नमस्कार केला.

कोलंबोच्या कस्टमच्या गोदामात पांढऱ्या गणवेशातल्या एका अधिकारी बाईंनी आमचं एक खोकं उघडायला लावलं. कात्रणं बाजूला केली आणि आतून आमची मूर्ती बाहेर आली, कुंदाताईंच्या हातच्या डोळ्यांची. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग इंग्रजीत विचारलं, "हिच्यावर किती लोकांचे हात फिरले?" मी सांगितलं, साचा काढणारा, घासणाऱ्या, रंगवणाऱ्या, डोळे आखणाऱ्या. "आणि हे सगळं एवढ्या किमतीत?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत खरं तेच बोलले. तुमच्या देशावर वाईट दिवस आले होते, म्हणून आम्ही कमी घेतले, माझ्याकडच्या बायकांनी मजुरी सोडली. बाईंचा चेहरा मवाळ झाला. त्या म्हणाल्या, "थोडा वेळ बाहेर बसा. मी वरिष्ठांशी बोलते. बहुतेक होईल."

बाहेर चहाच्या टपरीवर सेल्वमने माझ्यासाठी चहा घेतला. त्याला हिंदी थोडंफार येत होतं, मी ते मराठीतच सांगते. तो खूश होता. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मानलं तुम्हाला. किती सफाईने बोललात! मला स्वतःला एक क्षण खरं वाटलं."

"खरं वाटलं म्हणजे? खरंच आहे ते."

तो हसला. "इथे आपण दोघंच आहोत, मॅडम."

मी कप खाली ठेवला. "सेल्वम, तुम्ही काय बोलताय ते मला कळत नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. "भाव तर जुनाच आहे ना आपला? कागदावर कमी लावायचा, कारण आमची बँक तेवढेच डॉलर देते आणि कस्टमची ड्यूटीही वाचते. बाकीचे तुमच्या रुपयांत चेन्नईला. माझ्या मेहुण्याच्या दुकानातून. गेल्या वेळी दिवाळीनंतर दिले, यंदाचे तर आधीच दिले. तुमच्या काकांनी सांगितलं, मॅडमना असंच हवंय."

"कुणाकडे दिले?"

"त्यांच्याच हातात. रामेश्वरहून आले होते ना, बायकोबरोबर? यंदा एकटेच आले होते."

टपरीवाला बशा धूत होता. समोरच्या गोदामात आमची मूर्ती टेबलावर तशीच उघडी होती. मला रडू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे कुंदाताईंसमोर हात जोडलेले काका येत राहिले. चेन्नईचं आधीच ठरवून मग ते हात जोडले होते की हात जोडल्यावर ठरलं? त्या क्षणी मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकणारा एकच माणूस रोह्यात बसला होता.

गप्प राहिले असते तर एक-दोन दिवसांत माल सुटला असता. मी उठले. सेल्वमने ओळखलं. "मॅडम, चतुर्थी तोंडावर आलीय. मूर्ती नाही मिळाल्या तर माझं दुकान बसेल. मोठ्या मुश्किलीने उभं राहिलंय."

"मघाशी मी आत जे बोलले ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "आता माहीत झालं. आता परत आत जाऊन तेच कसं बोलू?"

तो बाकावर डोकं धरून बसला. मी आत जाऊन त्या बाईंना सगळं सांगितलं. बोलताना मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सेल्वम येऊन माझ्या शेजारी बसला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या भाषेत स्वतःचं सांगू लागला.

परत आल्यावर मी पेणहून पहिली गाडी पकडून रोह्याला गेले. काकूंनी दार उघडलं. "ये गो वैशू, कसं झालं कोलंबो?" काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. माझा चेहरा बघून त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

मी म्हटलं, "काका, सेल्वमने मला चेन्नईचं सांगितलं."

ते बराच वेळ पायाने झोपाळा हलवत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील की चुकलं, मुलाला गरज होती, काहीतरी. मी त्यांना माफ करायची तयारी करून आले होते, हे मला तिथे बसल्यावर कळलं. ते म्हणाले, "तुझं नुकसान काय झालं?"

"काय झालं?"

"तू त्या देशासाठी पैसे सोडलेस. मनापासून सोडलेस ना? मग सोडलेल्या पैशांचं पुढं काय झालं, याची चौकशी कशाला? तुला नंबर कुणी काढून दिला? धंदा कुणी शिकवला? जन्मभर मी दुसऱ्यांचे माल सोडवले. शेटलोक गाड्या घेऊन गेले. मी आठ वाजताची गाडी पकडून परत रोह्याला. एकाने तरी विचारलं, तुला काय पाहिजे?"

"मी विचारलं होतं, काका. पाकीट घेऊन आले होते. तुम्ही रागावलात."

त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. काकू चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "चेन्नईला तुम्ही दात दाखवायला गेला होतात ना? मला देवळाच्या धर्मशाळेत बसवून?" काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. काकूंनी कप परत आत नेले. मी उठून आले.

जोह्याला येऊन बायकांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. कुंदाताईंच्या हातात डोळे न आखलेली एक छोटी मूर्ती होती. ती त्यांनी फळीवर ठेवली. "आम्ही त्या पोरांसाठी सोडले होते," त्या म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी नाय." आणि उठून पंपावर हात धुवायला गेल्या. त्या दिवशी पुन्हा कामाला बसल्या नाहीत. चतुर्थीला गावात आरत्या सुरू होत्या तेव्हा आमच्या मूर्ती समुद्रापलीकडे बंद कंटेनरमध्ये होत्या. सेल्वमला दंड भरून माल मिळाला तोपर्यंत विसर्जनं होऊन गेली होती. काही मूर्तींना तडे गेले होते. उरलेल्या त्याने गोदामात झाकून ठेवल्या.

कोलंबोच्या कस्टमने इकडे कळवलं आणि माझी चौकशी लागली. निर्यातीची रक्कम बँकेतून न घेता हातोहात घेतली, हा साधा गुन्हा नव्हे. माझा नंबर थांबवला गेला. बंदराजवळच्या ऑफिसात मला कितीदा तरी बोलावलं. तिथे एका तरुण अधिकाऱ्याने काकांचा जबाब मला वाचून दाखवला. मी म्हातारा माणूस, मी फक्त सांगितलेलं काम करायचो, किंमत ठरवणं आणि पैसे कुठे घ्यायचे हे ठरवणं सर्व सदर महिलेकडे होतं.

सदर महिला. कारखान्यात मला पोरी म्हणणाऱ्या, पोह्यांवर शेंगदाणे जास्त घाल म्हणणाऱ्या माणसाने माझं नाव घेणंसुद्धा टाळलं होतं. चेन्नईच्या पैशांचं दुःख मला पचवता आलं असतं. अजून रात्री दचकून उठते ती त्या दोन शब्दांनी.

मला त्यातून बाहेर काढलं सेल्वमने. त्याने वकिलाकडून रीतसर लिहून पाठवलं की पैसे कुणाच्या हातात दिले, कधी दिले आणि मालकिणीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते देऊन तो स्वतः आणखी अडचणीत आला. मी फोन करून म्हटलं, तुम्हाला याची काय गरज होती? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत गेलात तेव्हा मी बाकावर बसून होतो. बसवेना." दुसऱ्या वर्षी माझा नंबर सुटला. थोडा दंड बसला. काकांवरही बसला, वय बघून हलका. तो त्यांच्या मुलाने भरला असं ऐकलं.

आता कोलंबोला माल पुन्हा जातो. भाव बायकांनी ठरवलेला असतो आणि पै न् पै बँकेतून येते. तिथले नियम दर काही महिन्यांनी बदलतात, मी बदललेलं वाचते आणि समजतं. समजतं याचं कारण काकाच. आमच्याकडे कॉलेज करून आलेली एक मुलगी कागदांचं काम शिकते आहे. तिला डॉलरचं गणित कळेना म्हणून परवा मी सांगायला लागले, "देशाला टायफॉइड झाला होता असं समज," आणि तिथेच गप्प झाले. ती विचारत राहिली, "मग काय झालं, ताई?" त्यांच्यापेक्षा सोपं करून सांगणं मला जमत नाही. शेवटी त्यांच्याच शब्दांत सांगितलं. कुणाकडून शिकलात, असं तिने विचारलं तेव्हा म्हटलं, रोह्याच्या एका माणसाकडून.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकू कारखान्यात आल्या. बारीक झाल्या होत्या. इकडच्या तिकडच्या मूर्ती बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं दीड दिवसाचा असतो. देशील ना गो?" मी म्हटलं, "काकू, असं काय विचारता?" कुंदाताईंनी मागच्या फळीवरची एक मूर्ती काढली, चांगल्यातली, आणि तिच्यावर रुमाल घातला.

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. आत काका बसले होते. खाली उतरले नाहीत. चेहरा पुढे, ड्रायव्हरच्या पाठीकडे. मूर्ती माझ्या हातात होती, ती कुणाच्या तरी मांडीवर द्यावी लागणार होती. मी वाकले. त्यांनी हात पुढे केले आणि मूर्ती घेतली. धरली नीट, एक तळवा खाली, एक पाठीला.

काकूंनी बटवा उघडून विचारलं, "किती द्यायचे गो?"

मी किंमत सांगितली. कारखान्यात येणाऱ्या सगळ्यांना सांगते तीच.

काकांनी रुमाल जरासा वर केला. मूर्तीच्या डोळ्यांकडे बघितलं, हातांच्या बोटांकडे, पितांबराच्या काठाकडे बघितलं. बंदरावर आयुष्यभर लोकांचा माल बघितलेल्या नजरेने. मग माझ्याकडे न बघता, पूर्वी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "कमी हाय. ह्या कामाला कमी हाय हे."

काकूंनी पैसे माझ्या हातात ठेवले. रिक्षा वळली आणि हमरापूरच्या रस्त्याला लागली. मी फाटकात उभी राहिले. आमच्या मूर्तीची खरी किंमत त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती.